बोटीचं पोट कोणी वाकवायचं?

आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत कपाटावर एक बोट आहे. साधारण हातभर लांब. तिचा सांगाडा पूर्ण झालेला आहे. एका बाजूला सात-आठ पट्ट्या चिकटवलेल्या आहेत आणि पुढच्या टोकाशी त्या एकमेकींवर चढून उभ्या राहिल्या आहेत. दुसरी बाजू अगदी परवापरवापर्यंत रिकामी होती.

काही वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या पाच मुलांनी सुट्टीत ती करायला घेतली होती. किटच्या डब्यावर शिडांच्या जहाजाचं सुरेख चित्र होतं आणि 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं होतं. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या लावायला सुरुवात झाली. तिसऱ्या आठवड्यात मुलं यायची थांबली. त्यांतला एकजण जाताना म्हणाला, "सर, माझ्या हातालाच वळण नाही."

आम्हाला तेव्हा ते पटलंही. वस्तू जमली नाही की दोष करणाऱ्याचा, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते. त्यात ती विकतची, छापील डब्यातली असली तर विचारायलाच नको. पण पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा शिक्षकांनी तेच किट पुन्हा मागवलं आणि स्वतः करायला बसलो. आमच्यातले एकजण कार्यानुभव शिकवतात, सुतारकामात त्यांचा हात चांगला बसलेला आहे. आमच्या पट्ट्याही नेमक्या त्याच जागी अडल्या. मग सूचनापत्रक पुन्हा वाचलं. या टप्प्याबद्दल त्यात एकच ओळ होती: 'आता दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून घ्या.'

या एका ओळीमागे काय काय दडलं आहे ते शोधता शोधता आम्ही बोटींच्या किटच्या इतिहासात शिरलो. हा इतिहास बऱ्याच अंशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो असं आम्हाला दिसलं. बोटीच्या पोटाला जो बाक असतो, तो आणण्याची मेहनत कोणी घ्यायची? किट बनवणाऱ्यानं, की विकत घेणाऱ्यानं?

संत्रं आणि कागद

आधी अडचण समजून घेऊ. एक साधा कागद घ्या. त्याची नळी होते. शेंगदाण्याच्या पुडीसारखा शंकूही होतो. आता तोच कागद संत्र्यावर घट्ट बसवून पाहा. काही केल्या सुरकुत्या पडतातच. उलट संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला जा, ती फाटते. नळी एकाच दिशेनं वाकलेली असते, संत्रं दोन्ही दिशांनी. असा दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही. यामागचं गणित गाऊसनं १८२७ साली मांडलं. जगाच्या सपाट नकाशात ग्रीनलंड भलतंच मोठं दिसतं, तेही याच कारणानं.

बोटीचं पोट असंच असतं. ते पुढून मागेही वाकतं आणि वरून खालीही. पुढचं टोक, म्हणजे नाळ, जवळ येते तसे हे दोन्ही बाक अधिकाधिक घट्ट होत जातात. आता वर्गातली प्लॅस्टिकची पट्टी हातात घ्या. आडवी धरून ती सहज वाकते. तीच उभ्या कडेनं वाकवायला गेलात तर वाकत नाही, जोर केला तर पिळवटून निघते. लाकडाच्या पट्टीचं तसंच आहे. सपाट पट्ट्यांनी दुहेरी बाकाचं पोट झाकायचं असेल तर प्रत्येक पट्टीला आधी आकार द्यावा लागतो.

वाडियांना नकाशा पुरला

पूर्ण आकाराची जहाजं बांधणाऱ्यांना हा प्रश्न जुनाच होता. आपल्या मुंबईचं उदाहरण घेऊ. १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजं बांधली. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे.

तिच्या आकाराचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मूळ घडण फ्रेंचांची. ब्रिटिशांनी १७८२ साली 'हेबे' हे फ्रेंच जहाज पकडलं, त्याची मापं घेऊन नकाशे काढले आणि त्यांच्या आधारानं आपल्या फ्रिगेटी बांधायला घेतल्या. मुंबईला पाठवलेले पहिले नकाशे वाटेतच गेले. ते 'जावा' या जहाजावर होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं ते जहाज लढाईत जिंकून नष्ट केलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. फ्रेंच जहाजाचा बाक असा कागदावर उतरला, समुद्र ओलांडून मुंबईला आला आणि इथल्या कारागिरांनी तो सागाच्या फळ्यांत पुन्हा उभा केला.

कागद तर सपाट. त्यात बाक कसा मावतो? काकडीच्या चकत्या कराव्यात तशा जहाजाच्या काल्पनिक चकत्या करतात आणि प्रत्येक चकतीची कड रेखाटतात. आडव्या चकत्या, उभ्या चकत्या, अशी दोन-तीन बाजूंनी रेखाटनं एकत्र केली की पोटाचा पूर्ण आकार मिळतो. पण फळी कुठे किती निमुळती करायची, तिला ऊब देऊन कशी वळवायची, हे नकाशात लिहिलेलं नसतं. ते वाडियांच्या आणि त्यांच्या सुतारांच्या हातात होतं, म्हणून त्यांना नकाशा पुरला. ज्याच्या हातात ते अजून आलेलं नाही, त्याच्यासमोर नुसता नकाशा ठेवला तर काय होईल? छंद म्हणून छोट्या बोटी करणाऱ्यांची सुरुवात नेमकी इथूनच झाली.

पाव आणि लोणी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाज बांधणारे आधी लाकडाचं एक अर्धं मॉडेल करत. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून अर्धंच पुरे. सपाट फळ्या एकावर एक रचून खुंट्यांनी जोडायच्या आणि त्या ठोकळ्यातून नजरेला पटेपर्यंत पोट कोरायचं. मनासारखा आकार आला की खुंट्या काढून फळ्या सुट्या करायच्या. प्रत्येक फळीची कड म्हणजे जहाजाची एक आडवी चकती! तिची मापं मोठी करून खरं जहाज बांधायचं.

छांदिष्टांनी हीच कृती उलटी केली. नकाशावरून प्रत्येक चकतीचा आकार फळीवर उतरवायचा, फळ्या कापून एकावर एक चिकटवायच्या आणि राहिलेल्या पायऱ्या पटाशीनं, रंध्यानं काढून टाकायच्या. फळी म्हणजे पाव आणि सरस म्हणजे लोणी, म्हणून इंग्रजीत या पद्धतीला 'ब्रेड अँड बटर' असंच नाव पडलं. पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी १८९८ मध्ये लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केलं. अशा नियतकालिकांतून घरी काम करणाऱ्यांना नकाशे आणि कृती मिळू लागल्या. अमेरिकेत १९२० च्या दशकात कॅप्टन आर्मिटेज मॅककॅन हे जुने दर्यावर्दी 'पॉप्युलर सायन्स'मधून आणि पुस्तकांतून जहाजांची मॉडेलं करायला शिकवत होते.

या काळात लाकूड, हत्यारं, खिळे सगळं आपलं आपण जमवायचं. पोट चुकलं तर दुसरा ठोकळा घ्यायचा. हा मार्ग अवघड होता, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. नकाशा विकत घेणाऱ्याला आधीपासून माहीत असे की बाक आपल्यालाच कोरायचा आहे.

डब्यातली बोट

किटनं हे गणित बदललं. सगळं सामान एका डब्यात, मापून दिलेलं. अमेरिकेत १९४६ साली सुरू झालेल्या 'मॉडेल शिपवेज'सारख्या कंपन्यांच्या डब्यात बोटीचं पोट यंत्रावर कोरून दिलेलं असे. रस्त्यावरचा चावीवाला एक चावी यंत्रात लावून तिच्यावर टोक फिरवतो आणि शेजारी दुसरी चावी तशीच कापली जाते. वेड्यावाकड्या आकारांची अशी नक्कल करणारं यंत्र थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ च्या सुमारास बंदुकीच्या दस्त्यांसाठी तयार केलं होतं. बोटीच्या पोटाची नक्कलही त्याच तत्त्वावर होते.

मात्र हे पोट मुद्दाम थोडं जाड ठेवलेलं असे. करणाऱ्यानं पुठ्ठ्याचे आकार लावून पाहायचे आणि जिथे उजेड दिसत नाही तिथे घासायचं. ही विभागणी आम्हाला शहाणपणाची वाटते. नव्वद टक्के ढोबळ काम यंत्रानं केलं आणि डोळा व हात तयार करणारं शेवटचं काम नवशिक्यासाठी राखून ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात, मुख्यतः इटली, डेन्मार्क आणि स्पेनमध्ये, वेगळ्या प्रकारची किट निघू लागली. आमच्या कपाटावरची बोट याच जातीची. प्लायवुडचा एक सपाट कणा, त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फळ्या, म्हणजे बरगड्या, आणि वरून लाकडाच्या बारीक पट्ट्या. खरं जहाज बांधल्याचा आनंद यात अधिक. डबा हलका, लाकूड कमी, म्हणून ही पद्धत जगभर पसरली. पण बाक आणण्याची सगळी जबाबदारी पुन्हा करणाऱ्याकडे गेली, आणि या वेळी ते त्याला कोणी स्पष्ट सांगितलं नाही.

आता हिशेब करून पाहू. बोटीच्या मधल्या बरगडीवर कण्यापासून डेकपर्यंतचं अंतर ९० मिलिमीटर आहे समजा. पट्टी ५ मिलिमीटर रुंद. म्हणजे १८ पट्ट्या लागतील. नाळेजवळच्या बरगडीवर हेच अंतर ५४ मिलिमीटर भरतं. मधून निघालेल्या त्याच १८ पट्ट्या तिथेही पोचायच्या आहेत. ५४ भागिले १८, म्हणजे ३. तेव्हा प्रत्येक पट्टी ५ मिलिमीटरपासून ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायला हवी. न करता लावली तर १८ पट्ट्यांना ९० मिलिमीटर जागा पाहिजे आणि आहे ५४. मग त्या एकमेकींवर चढणार नाहीत तर काय करणार? पट्टी निम्म्याहून अरुंद करावी लागली तर ती टिकत नाही. अशा ठिकाणी दोन पट्ट्या संपवून त्यांच्यापुढे एकच चालवतात. मागच्या बाजूला पोट रुंद होत असेल तर मध्ये पाचरीसारखी जादा पट्टी घालतात. जुन्या सुतारांना हे पाठ होतं. किटमधल्या त्या एका ओळीनं हे सगळं गृहीत धरलं होतं.

भरीला आमच्या किटमध्ये कण्याच्या खाचा बरगड्यांपेक्षा सैल होत्या. बरगडी काटकोनात उभी राहीना. एक बरगडी दोन मिलिमीटर पुढे कलली की तिच्यावरून जाणारी प्रत्येक पट्टी बिघडते. पूर्वी प्लायवुडचे भाग साच्यानं दाबून तोडत, तेव्हा कडा चेचल्या जात आणि मापं कमीजास्त होत. सराव असलेला माणूस अशी बरगडी पाहताच बाजूला काढतो, पातळ चकती घालून खाच घट्ट करतो. नवशिक्याला ती चूक डब्यातली आहे हे कळतच नाही. वाईट किटचा खरा त्रास इथे आहे. उत्तम कारागीर वाईट किटमधूनही चांगली बोट काढतो. चांगल्या किटची खरी गरज ज्याला असते, त्यालाच त्याची पारख नसते.

साच्यातली बोट

प्लॅस्टिकनं हा प्रश्न एका फटक्यात सोडवला, निदान वरवर तरी. १९३६ साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावानं विमानांची प्लॅस्टिकची किट निघाली. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती. हे प्लॅस्टिक काळानं आक्रसतं, वाकडं होतं. पुढे पॉलिस्टायरीन आलं, ते आकार धरून ठेवतं. 'एअरफिक्स' कंपनीनं १९५२ साली ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचं किट पॉलिस्टायरीनमध्ये काढलं. वूलवर्थच्या दुकानांत ते दोन शिलिंगांना विकायचं होतं. त्या किमतीत पुठ्ठ्याचा डबा परवडेना, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर कागदाची पट्टी, त्याच कागदावर सूचना, अशी युक्ती केली. किट तुफान खपलं. अमेरिकेत 'रेव्हेल' कंपनीनं १९५३ मध्ये 'मिसुरी' ही युद्धनौका अशीच डब्यात घालून मुलांच्या हाती दिली.

यात पोटाचे डावा आणि उजवा असे दोन भाग तयारच येतात. बाक एकदाच, पोलादी साच्यात कोरलेला असतो, आणि तो कोरणारा निष्णात कारागीर असतो. त्याची मेहनत हजारो मुलांत वाटली जाते, म्हणून प्रत्येकाला ती स्वस्त पडते. पण साच्याचंही शास्त्र आहे. वितळलेलं पॉलिस्टायरीन थंड होताना सुमारे अर्धा टक्का आक्रसतं. २०० मिलिमीटरची बोट हवी असेल तर साचा सुमारे एक मिलिमीटर लांब कोरावा लागतो. भाग कुठे जाड, कुठे पातळ असेल तर जाड जागी खळगा पडतो. साचा झिजला, त्याचे दोन अर्धे घट्ट बसेनासे झाले, की फटीतून प्लॅस्टिक बाहेर येऊन भागांच्या कडेला पापुद्रा धरतो. प्लॅस्टिकचं किट चांगलं की वाईट ते या पापुद्र्यांवरून ओळखता येतं.

जोडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. फेव्हिकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. गुळगुळीत पॉलिस्टायरीनला छिद्रं नसतात, तिथे तो उपयोगी पडत नाही. या किटसाठी जो चिकटद्रव मिळतो तो खरं तर द्रावक असतो. तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, दोन्हींकडचे लांब रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. रेणूंचा धडा शिकवताना हे उदाहरण कामाला येतं.

प्लॅस्टिकच्या बोटीतून मूल काय शिकतं? क्रम पाळायला, चित्र वाचायला, धीर धरायला शिकतं, आणि मुख्य म्हणजे बोट पूर्ण होते. पूर्ण झालेल्या बोटीची किंमत कमी लेखू नये. मात्र पोटाला बाक कसा येतो हे त्याला कळत नाही. आणखी एक गोष्ट डब्यावर नसते. 'गोल्डन हाइंड'चे मूळ नकाशे उरलेलेच नाहीत. १५७७ ते १५८० मध्ये तिनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण ती नेमकी कशी होती हे त्या काळच्या जहाजांवरून केलेलं अनुमान आहे. भाग एकमेकांत चपखल बसतात म्हणून मॉडेल खरं ठरतं असं नाही. किटची जोडणी आणि किटचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही तपासायला हव्यात.

बाक टाळणारी बोट

आतापर्यंत बाकाची मेहनत कधी हातानं केली, कधी यंत्रानं, कधी साच्यानं. तिसरा रस्ता निघाला तो खऱ्याखुऱ्या, माणूस बसेल अशा छोट्या शिडाच्या बोटींत. त्यांचीही घरी जोडायची किट असत, म्हणून त्यांची गोष्ट इथे सांगायला हवी.

१९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांना सांगण्यात आलं, की मुलांना घरच्या घरी करता येईल अशी स्वस्त बोट हवी. त्यांनी ८ × ४ फुटी प्लायवुडच्या दोन तक्त्यांत बसणारी 'ऑप्टिमिस्ट' आखली. आपल्याकडे दुकानात मिळतो तोच हा आकार. प्लायवुड कागदासारखंच एका दिशेनं वाकतं. तेव्हा मिल्स यांनी बोटीचा आकारच असा ठरवला की कुठेही दुहेरी बाक लागू नये. बोट दिसायला ठोकळ्यासारखी, नाकानं चपटी झाली. पण ती करता येत होती. आज ऑप्टिमिस्ट बहुतेक फायबरग्लासच्या असतात, आणि जगभर मुलं शिडं हाकायला त्यांच्यावरच शिकतात.

इंग्लंडमध्ये याच्या पुढचं पाऊल पडलं. बॅरी बकनेल हे घरगुती दुरुस्त्या शिकवणारे दूरदर्शनवरचे लोकप्रिय निवेदक. त्यांनी आणि जॅक होल्ट या बोटरचनाकारांनी मिळून 'मिरर' ही ३.३ मीटर लांबीची बोट तयार केली. 'डेली मिरर' या दैनिकानं ती उचलून धरली आणि जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या बोटप्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किटची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. कापून दिलेल्या प्लायवुडच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं, शिंप्यानं कापड शिवावं तसे ते तुकडे शिवायचे. कडा जुळत जातात तसतसा बोटीला आपोआप आकार येतो. मग सांध्यांवर काचतंतूंची फीत राळेनं चिकटवली की झालं. सांगाडा लागत नाही, सुतारकामाची खास हत्यारं लागत नाहीत. कडा जुळल्या नाहीत तर आकारच येत नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते आणि तारा सोडून सुधारताही येते. अशा ७०,००० हून अधिक बोटी झाल्या.

बोट शिवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. अरबी समुद्रात फळ्या काथ्यानं शिवून जहाजं बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात अलीकडेच 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज केरळच्या कारागिरांनी बांधलं, आणि मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात सामील झालं. त्याचेही नकाशे नव्हते, होतं फक्त चित्र. आकार पक्का करताना त्याच्या छोट्या मॉडेलची मद्रास आयआयटीत पाण्यात चाचणी घेतली गेली. मॉडेल म्हणजे नुसती शोभेची वस्तू नव्हे, हेही यावरून दिसतं.

चढती पायरी

गेल्या तीसेक वर्षांत लाकडी किट पुष्कळ सुधारली. संगणकावर आखलेल्या आणि लेसरनं कापलेल्या बरगड्या खाचेत घट्ट बसतात. सूचनांची एक ओळ जाऊन पानोपानी छायाचित्रं आली. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो क्रमाचा विचार. डेव्हिड अँटशर्ल या अनुभवी मॉडेलकारानं 'मॉडेल शिपवेज'साठी अलीकडे तीन बोटींची मालिका आखली. आधी डोरी ही सपाट तळाची साधी मासेमारी बोट, मग नॉर्वेची छोटी शिडाची होडी, आणि शेवटी शेवंडं पकडणाऱ्यांची शिडाची बोट. सुरुवातीला फळ्यांचे आकार कापूनच मिळतात. हात बसत जातो तसं करणाऱ्यावर अधिकाधिक सोपवलं जातं. पहिल्याच बोटीला तीन डोलकाठ्या आणि चाळीस तोफा नाहीत. डब्यावरचं चित्र कमी भपकेबाज दिसतं, पण बोट पूर्ण होते.

आपल्या वर्गातल्या साहित्याचंही असंच नाही का? विज्ञानपेटी येते, सूचना येतात, 'निरीक्षण करा आणि निष्कर्ष काढा' अशी एक ओळ येते. त्या ओळीत किती पट्ट्या निमुळत्या करायच्या राहिल्या आहेत हे आपण स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आता आम्ही एक नियम केला आहे. कुठलंही किट मुलांना देण्याआधी शिक्षकांनी ते एकदा पूर्ण करायचं, आणि जिथे अडखळलो तिथे पेन्सिलीनं खूण करायची. अडखळण्याची जागा डब्यातल्या चुकीमुळे असेल तर ती आधीच दुरुस्त करायची. शिकण्यासारखी असेल तर ती तशीच ठेवायची आणि तिथे मुलांजवळ बसायचं.

रिकामी बाजू

गेल्या वर्षी कपाटावरची बोट आम्ही खाली काढली आणि तिची रिकामी बाजू नव्या मुलांसमोर ठेवली. प्रत्येक बरगडीवर कागदाची पट्टी लावून तिची लांबी घेतली. तिचे १८ सारखे भाग कसे करायचे? भागाकार केला तर दशांश येतात आणि मोजपट्टीवर ते दिसत नाहीत. तेव्हा वही उघडली. छापील रेघांवर कागदाची पट्टी तिरकी ठेवली, एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं एकोणिसाव्या रेघेवर. मधल्या प्रत्येक रेघेनं पट्टीवर एक खूण दिली. १८ सारखे भाग तयार! आखूड पट्टी वहीच्या रेघांवर पोचेना, तेव्हा मुलांनी जवळजवळच्या रेघा स्वतः आखून घेतल्या. समांतर रेषांचं हे प्रमेय त्यांनी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा असा उपयोग होतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

कागदावरच्या खुणा बरगड्यांवर उतरवल्या. पट्ट्या खुणांप्रमाणे ब्लेडनं आणि पॉलिश पेपरनं निमुळत्या केल्या, पाण्यात भिजवून वाकवल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवल्या. सैल बरगड्यांच्या खाचांत आधीच जाड कागदाचे तुकडे भरले होते. पहिल्या तीन पट्ट्या नाळेपर्यंत सपाट बसल्या. चौथी चुकली, ती काढून पुन्हा केली.

आता बोटीची एक बाजू नीट झाकलेली आहे. दुसऱ्या बाजूला जुन्या पट्ट्या अजून उभ्या आहेत. त्या काढून टाकू या असं मुलं म्हणाली, पण आम्ही राहू दिल्या. ज्या मुलाला आपल्या हातालाच वळण नाही असं वाटलं होतं, तो आता शाळेत नाही. कधी भेटायला आला तर त्याला दोन्ही बाजू दाखवायच्या आहेत.